कुमुद राणे सीरियस आहे

तारीख : गणपती पाण्यात गेल्यानंतरचा पहिला सोमवार, साल १९८७. स्थळ : ठाण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमधली चहाची खोली. हजर : मी, कुमुद राणे, गोडबोलेबाई, मिसेस डिसा आणि किटली घेऊन आलेल्या सखूबाई. गैरहजर कोणी नाही. कुमुदने तशी खात्री करून घेतली होती.

"मंडळी, एक निरोप आहे," ती म्हणाली. "एकदाच सांगते, म्हणजे मला चौघींना वेगवेगळं सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी माझं छातीचं ऑपरेशन झालं, तो कॅन्सर परत आलाय. आता लिव्हरमध्ये आहे. बरा होणार नाही. औषधाने लांबवता येईल म्हणतात, तर आम्ही लांबवायचं ठरवलंय. चहा गार करू नका."

मिसेस डिसांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. सखूबाईंनी किटली जमिनीवर ठेवली. गोडबोलेबाई आडनावाला जागून म्हणाल्या, "अगं, असं काही नसतं. होशील हो बरी."

"गोडबोलेबाई," कुमुद बिस्कीट बुडवत म्हणाली, "राँग नंबर लावू नका."

आता गल्लोगल्ली एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या लागल्यात, म्हणून नव्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. तेव्हा परगावी बोलायचं तर कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर. आम्ही ऑपरेटर कानाला हेडफोन लावून बोर्डासमोर ओळीने बसायचो, दोऱ्या खुपसून गावं जोडायचो आणि दर तीन मिनिटांनी मध्ये बोलायचो, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" मी सुपरवायझर. ड्युट्या लावणं, रजा मांडणं आणि कोणाचं काय राहिलंय ते लिहून ठेवणं हे माझं काम. घरीही माझा स्वभाव तसाच आहे. कुमुदचा अगदी उलटा. तिचा डबा तिच्या पर्समध्ये, पर्स माझ्या टेबलावर आणि चष्मा डोक्यावर असायचा.

वय चव्वेचाळीस. माहेर देवगडच्या बाजूचं एक गाव, सासर कोपरीतल्या दोन खोल्या, माझ्या बिल्डिंगच्या मागेच. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन, अतिशय शांत माणूस. मुलगी कॉलेजात. आणि डोंबिवलीला मोठा भाऊ, ज्याला सगळे भाई म्हणत. कुमुदचा आवाज बारीक आणि खणखणीत होता. चिपळूणच्या एक्स्चेंजमधल्या जोशींनी तिला एकदा लाइनवर विचारलं होतं, "बाई, तुमचं वय काय हो?" ती म्हणाली, "ऑर्डिनरीत सांगू की अर्जंट?" या जोशींना आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं. आम्ही सगळे एकमेकांचे आवाजच होतो.

निरोप दिल्यानंतर ती रजेवर जाईल असं मी धरलं होतं आणि तशी ड्युटी मांडूनही ठेवली होती. तिने तक्ता पाहिला आणि म्हणाली, "सुमन, माझं नाव का खोडलंस? मी अजून आहे." मी ते परत लिहिलं.

औषधांनी केस गेले. हेडफोनची पट्टी गुळगुळीत डोक्यावरून घसरायला लागली. मग तिने मुलीची शाळेतली लाल रिबीन आणून हेडफोन हनुवटीखाली बांधला. बाहेर जाताना डोक्याला सुती रुमाल आणि रुमालाला पिनेने लावलेली अबोलीची वेणी. स्टेशनजवळची फुलवाली म्हणाली, "ताई, केस नाहीत तर वेणी कशाला?" कुमुद म्हणाली, "केस होते तेव्हा वेणीकडे कोणी बघत नव्हतं. आता सगळे बघतात." पुढे त्याच फुलवालीला तिने आजाराचं नाव सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. रिक्षावाला इतका हळू चालवायला लागला की तिने त्याला बजावलं, "दादा, कॅन्सर आहे, बाळंतीण नाहीये मी."

भेटायला येणाऱ्यांचा तिने बंदोबस्त केला होता. येणारा प्रत्येक जण एक उपाय घेऊन यायचा. ती त्यांना आमचे तीन दर लावायची. गव्हांकुराचा रस, तुळशीचा काढा हे ऑर्डिनरी. मोहन्याच्या बाजूला एक बाबा अंगारा देतो, ते अर्जंट. स्वतःचं मूत्र प्यायला सांगणारे लाइटनिंग, त्यांना लगेच चहा देऊन वाटेला लावायचं. "मोरावळा असेल तर आणा," ती सांगायची. "बाकीचं आधी तुम्ही घ्या आणि चव कळवा."

त्या हिवाळ्यात आम्ही चौघी एका नाटकाला गेलो. पहिला अंक संपेपर्यंत नायिकेने तीनदा पदर डोळ्यांना लावला होता. मध्यंतरात कुमुद उठली. "तुम्ही बसा. माझ्याकडे वेळ कमी आहे." आम्हीही तिच्यामागे निघालो. तलावपाळीवर जाऊन चौघींनी कुल्फी खाल्ली आणि मिसेस डिसांनी ते नाटक पुढे काय होणार ते इतकं रंगवून सांगितलं की तिकिटाचे पैसे वसूल झाले. तेव्हापासून मी वाईट नाटक शेवटपर्यंत पाहिलेलं नाही.

घरी तिने नवऱ्याला माशाचं सार शिकवायला घेतलं. "मी गेल्यावर हे खानावळीत जेवणार आणि नाव माझं खराब होणार." रविवारी परीक्षा असे. राणे भावोजी घाम पुसत उभे, कुमुद खाटेवरून एक घोट घ्यायची. "तिरफळं कमी. पुढच्या रविवारी परत बसा." भावोजी एरवी आजाराचं नाव काढत नसत, पण तिरफळांच्या निमित्ताने "मी गेल्यावर" हे शब्द त्या घरात वरणभातासारखे रोजचे झाले. ती ते मुद्दाम करत होती हे मला फार उशिरा लक्षात आलं.

एवढं सगळं उघड. फक्त एका माणसाला काहीच माहीत नव्हतं. तिच्या आईला.

आई गावी एकटी राहायची, ऐंशीच्या घरातली. भाईने सगळ्यांना ताकीद दिली होती : आईला सांगायचं नाही, तिचं हृदय नाजूक आहे, ती आधी जाईल. कुमुद त्याच्याशी भांडली, पण भाईने डोळ्यांत पाणी आणलं तेव्हा गप्प बसली. दर रविवारी ती गावच्या सावंतांच्या दुकानात फोन लावायची, सावंत आईला बोलावून आणायचे आणि मायलेकी आंब्याचा मोहोर, कोंबड्या, शेजारणीची सून असलं काहीबाही बोलायच्या. हेडफोन काढला की कुमुदचा चेहरा उतरलेला असे. "सगळ्या कोपरीला लाइन दिली," ती एकदा म्हणाली, "आणि आईची एंगेज. ती मला शेवटचं बघायला येईल तेव्हा मी बोलायला उरलेली नसेन. मग ती कोणाला विचारणार?"

इथे एका शब्दाबद्दल सांगते. आमच्या धंद्यात 'सीरियस' या शब्दाला एकच अर्थ होता. मुंबईहून गावाला कॉल जायचा, "अमका सीरियस आहे, लगेच निघून या." म्हणजे तो माणूस गेलेला. कोणालाही फोनवर 'गेला' म्हणायची हिंमत होत नसे. गावच्या लोकांनाही हे ठाऊक. 'सीरियस' ऐकलं की तिकडे रडारड सुरू व्हायची. कुमुदला या शब्दाचा राग होता. असा कॉल बुक करायला कोणी आलं की ती सरळ विचारायची, "माणूस आहे की गेला? आहे तर आहे म्हणा, गेला तर गेला म्हणा. तिकडचा माणूस रात्रभर एसटीत बसून येणार आहे." यावरून तिला एकदा मेमो मिळणार होता. तो मी फिरवून परत पाठवला.

आणि नेमका तिचा सख्खा भाऊ चुकला.

माघातली गोष्ट. कुमुदला सणसणून ताप भरला. सकाळी भाई डोंबिवलीहून आला, तर ती ग्लानीत काहीतरी बडबडत होती. तो घाबरला, धावत स्टेशनजवळच्या बूथवर गेला, आमच्यापैकी कोणीही बोर्डावर नसताना सावंतांच्या दुकानाचा अर्जंट कॉल लावून घेतला आणि ओरडला, "कुमुद सीरियस आहे. आईला हळूहळू सांगा." त्याला खरोखरच सीरियस म्हणायचं होतं.

दुपारपर्यंत डॉक्टरांच्या इंजेक्शनने ताप उतरला, कुमुदने पेज मागितली. मी दुपारच्या ड्युटीवर होते. तिसऱ्या प्रहरी देवगडकडून कॉल आला, सावंत दुकानदार. "राणेबाईंचा मयत कधी नेतले? आवस निघाली हा दुपारच्या गाडीन. भावकीची आंघोळ झाली."

मला कळेना. "कोणाचं नेणार? अहो, कुमुद बरी आहे."

"होय होय," सावंत समजुतीच्या सुरात म्हणाले, "आमका कळला. देवाची मर्जी." आणि लाइन तुटली.

'बरी आहे' या शब्दांवरही कोणी विश्वास ठेवत नसे, हे मला तेव्हा कळलं.

ड्युटी मिसेस डिसांकडे सोपवून मी कोपरीला गेले. कुमुद उशीला टेकून पेज पीत होती. मी म्हटलं, "अगं, गावाला तू सकाळीच गेलेली आहेस. भावकीने आंघोळसुद्धा केली."

ती हसली, इतकी की पेज सांडली. मग एकदम थांबली. "आई कुठल्या गाडीने निघाली?"

"दुपारच्या."

"म्हणजे ती आता गाडीत बसलीय. मी मेले असं समजून." तिने वाटी खाली ठेवली. "सुमन, माझी रिबीन कुठाय?"

भावोजींनी अडवून पाहिलं. भाई दारात आडवा उभा राहिला. "तुला उठवत नाही आणि कुठे निघालीस? आई सकाळी येईलच, तेव्हा बघू."

"रात्रभर तिने काय करायचं भाई? एकटीने?"

भाई दारातून बाजूला झाला. रिक्षा तीच, हळू चालणारी. त्या दिवशी कुमुदने तक्रार केली नाही.

ती शाल गुंडाळून आपल्या खुर्चीत बसली, हेडफोन बांधला आणि लाइनी मागायला लागली. राजापूर : गाडी येऊन गेली. लांजा : आत्ताच सुटली. मग चिपळूण, जोशी. त्यांना तिने सगळं सांगितलं. गाडी चिपळूणला जेवायला थांबते. जोशींनी स्टँडवरच्या कंट्रोलरला फोन केला आणि तिला मजकूर विचारला. कुमुद म्हणाली, "लिहून घ्या. 'बरी आहे' म्हणायचं नाही. 'काळजी करू नका' म्हणायचं नाही. असं म्हणा : देवगड गाडीतल्या आजी, तुमची मुलगी कुमुद जिवंत आहे आणि फोनवर थांबली आहे."

रात्री गाडी चिपळूणला लागली, तेव्हा स्टँडवरच्या भोंग्यावर हे तसंच्या तसं सांगितलं गेलं. जेवायला उतरलेल्या सगळ्या गाडीने ऐकलं. दोघी बायका आजीला धरून कंट्रोलरच्या खोलीत घेऊन आल्या. लाइन खरखरत होती. इकडे गोडबोलेबाई आणि मिसेस डिसा आपापले बोर्ड सोडून मागे उभ्या होत्या. मी त्यांना जागेवर जायला सांगितलं नाही.

"आये, मी कुमुद."

"कुमुद खयची?"

"तुझी. मी मरूक नाय, आये. जिती आसंय."

"माका फसवू नको गो. कोण तू? आमच्या गायचा नाव सांग."

"गाय आसा खय? गेल्या साली विकलंस मां."

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज आला, आधीपेक्षा पुष्कळ लहान. "मगे भाईन सीरियस म्हणान कित्याक सांगल्यान?"

कुमुदने आमच्याकडे पाहिलं नाही. 'थोडा ताप आला होता' एवढं म्हणून ती सुटू शकली असती.

"आये, माका कॅन्सर झालो हा. बरो होवचो नाय. तुका सांगूक होया होता, कोणी सांगूक दिल्यान नाय. पण आज काय मी मरणंय नाय."

"आज नाय ना?"

"नाय."

"उद्या सकाळी?"

"उद्या सकाळी पण नाय."

"मगे ठेव. गाडी सुटता."

फोन ठेवल्याचा आवाज आला. तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. जोशींनी एकदाही मध्ये तोंड घातलं नव्हतं. आता ते हळूच म्हणाले, "बाई, गाडी मी थांबवायला सांगितलीय. त्या चढल्या की सोडतील." आणि मग घसा खाकरून, "हा कॉल मी लावलाच नाही, बरं का. बिलाचं तिकीट फाडू नका."

सकाळी म्हातारी कोपरीत हजर. ठेंगणी, काटक, नऊवारी. हातात कापडी पिशवी. लेकीला तिने आधी डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, टकलावरून हात फिरवला, मग विचारलं, "जेवलंस काय?" भाई कोपऱ्यात उभा होता. त्याला ती एवढंच म्हणाली, "तुका मराठी येत नसात तर इंग्रजीत बोलू नको."

पिशवीत काय आहे ते कुमुदने विचारलं. म्हातारीने पिशवी मागे सरकवली. कुमुदने स्वतःच काढलं. हिरवं पातळ होतं, पिवळा काठ, देवगडच्या बाजारात गाडी सुटायच्या आधी घाईघाईत घेतलेलं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला माहेरचं हिरवं नेसवतात, ते.

कुमुदने घडी मोडली, काठ उजेडात धरला. "आये, काठ बरो आसा."

"होय," म्हातारी म्हणाली. "दुकानदार साधा दाखवी होतो. मी म्हटलंय, माझ्या चेडवाक साधा नको."

"मगे ता मी मेल्यार कित्याक नेसू? तेव्हा माका आरसो कोण दाखयतलो?"

अंगात ताकद आल्यावर ती कामावर आली ती तेच पातळ नेसून, रुमालावर अबोली लावून. गोडबोलेबाई म्हणाल्या, "अय्या, नवीन? काय विशेष?"

"माझ्या मयताचं आहे. रंग जाणार नाही ना हो?"

गोडबोलेबाईंना ठसका लागला. पाठीवर थापटावं लागलं.

म्हातारी परत गेलीच नाही. मायलेकी सकाळी गॅलरीत ऊन खात बसत आणि कोण आधी जाणार यावर वाद घालत. म्हातारी म्हणे, वयाचा मान माझा. कुमुद म्हणे, बुकिंग माझं आधीचं आहे. भाई रविवारी यायचा, आधी हे ऐकून उठून जायचा. मग बसून राहायला लागला. एकदा मी गेले तेव्हा तो आईला विचारत होता, "कुमुद गेल्यावर तू माझ्याकडे डोंबिवलीला येशील का?" हा प्रश्न तो कुमुदच्या समोर विचारत होता, आणि कुमुद आईला खुणावत होती की हो म्हण, त्याची गॅलरी मोठी आहे.

मी तिला शेवटची पाहिली ती वैशाखात, दुपारी. खाट खिडकीशी ओढलेली होती. ती बरीच लहान झाली होती आणि आवाज मात्र तसाच होता. म्हातारी खाली बसून कोकमाची सोलं निवडत होती. भावोजी स्वयंपाकघरात. तिरफळांचा वास येत होता.

"पास झाले," कुमुद आत बोट दाखवून म्हणाली. मग मला जवळ बोलावलं. "तुझ्या यादीत एक लिही. चिपळूणला उतरायचं. जोशींना भेटायचं, फोन नाही करायचा, समोर जायचं. आभार मानायचे. आणि मी दिसायला कशी होते ते सांगायचं."

"कशी सांगू?"

"केस लांब होते म्हणावं. कमरेपर्यंत."

"खोटं बोलू?"

"'होते' म्हण ना. भूतकाळात बसतं." आणि आईला म्हणाली, "आये, हिका सोलां दी गे थोडी." मी सोलांची पुडी घेऊन निघाले. दारातून मागे पाहिलं तर ती उशीवरून वाकून, कुठलं सोल वाईट आहे ते आईला दाखवत होती.

ती गेल्यावर गावाला कॉल मी लावला. सावंतांना म्हटलं, "कुमुद गेली." त्यांनी विचारलं, "नक्की मां? गेल्या खेपेसारखा नाय?" मी सांगितलं, नक्की. ते म्हणाले, "बरा झाला, सरळ सांगितलास." शब्दाची निवड चुकली, पण मला ते समजलं. म्हातारी डोंबिवलीच्या गॅलरीत पुढे तीन हिवाळे बसली.

पुढे बोर्ड गेले, दोऱ्या गेल्या, आम्हाला बिलाच्या खिडकीवर बसवलं. चिपळूणवरून मी नंतर पुष्कळ वेळा गेले. पहिल्यांदा गाडी पाचच मिनिटं थांबली. दुसऱ्यांदा उतरले, तर जोशींची ड्युटी संपलेली होती. तिसऱ्यांदा सोबत वऱ्हाड होतं. मग त्यांची बदली झाली, आणि आता तर ते रिटायर होऊन घरी बसलेत. गेल्या महिन्यात खात्यातल्या एकांकडून एवढं कळलं की घर चिपळूणच्या अलीकडे एका वाडीत आहे, नदीच्या बाजूला. वाडीचं नाव त्यांना आठवत नव्हतं. ते विचारून घ्यायचं आहे.